लक्ष देणे आणि लक्ष जाणे

आई तांदूळ निवडायला बसली की आधी खिडकीपाशी जागा धरायची. स्टीलचे ताट, उजेड डाव्या खांद्यावरून, आणि एका वेळी मूठ-दोन मुठीच तांदूळ पसरायचे. काळा खडा तिला शोधावा लागत नसे. ताटावर नजर पडताक्षणी तो दिसे. टरफलासकट राहिलेले भाताचे दाणेही पिवळ्या रंगामुळे उठून दिसत. पांढरा खडा मात्र तांदळाच्याच रंगाचा आणि जवळपास तांदळाएवढाच. त्याच्यासाठी ती बोटाने थोडे थोडे दाणे पुढे सारत जायची आणि तेवढा वेळ घरात कोणी मध्ये बोललेले तिला चालत नसे. "काळा खडा डोळ्याला दिसतो, पांढरा दाताला," असे ती म्हणे.

पुढे महाविद्यालयात मानसशास्त्र शिकवू लागले आणि दृश्य शोधावरचे प्रयोग वाचताना मला पुन्हा पुन्हा ते ताट आठवू लागले. ट्रीझमन आणि जेलाड यांनी १९८० मध्ये मांडलेली गोष्ट हीच होती. एकाच गुणाने वेगळी असलेली वस्तू, समजा लाल ठिपक्यांतला एक हिरवा ठिपका, भोवती पाच ठिपके असोत की पन्नास, जवळजवळ सारख्याच वेळात सापडते. पण लाल उभ्या आणि हिरव्या आडव्या रेघांमध्ये एकच लाल आडवी रेघ शोधायची असेल, तर रेघा वाढतील तसा वेळ वाढत जातो. डंकन आणि हम्फ्रीज यांनी १९८९ मध्ये यात भर घातली: शोधायची वस्तू शेजाऱ्यांशी जितकी मिळतीजुळती आणि शेजारी आपापसांत जितके भिन्न, तितका शोध अवघड. जेरेमी वुल्फ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ मध्ये दाखवले की जे क्वचितच असते ते हमखास निसटते. निम्म्या चित्रांत वस्तू असेल तेव्हा माणसे ती सुमारे ७ टक्के वेळा चुकवत. शंभरात एखाद्याच चित्रात असेल तेव्हा हे प्रमाण ३० टक्क्यांवर गेले. हल्ली दुकानातले तांदूळ बरेच स्वच्छ येतात आणि तरीही कधीतरी खडा दाताखाली येतो, त्याचे कारण यात आहे. विमानतळावर सामान तपासणाऱ्याची आणि कर्करोगाच्या तपासणीत शेकडो निरोगी छायाचित्रांतून एक रोगी शोधणाऱ्या डॉक्टरांची अडचणही हीच.

या सगळ्यात आईच्या डोळ्यांची ताकद कुठेच बदललेली नाही. बदलले आहे ते ताट. आपल्याला काय दिसेल आणि काय निसटेल हे भोवती काय मांडले आहे यावर इतके अवलंबून असते, ही गोष्ट शाळेत, रस्त्यावर, कचेरीत आणि घरात आपण सहसा विचारात घेत नाही. ज्याचे चुकले त्याला "तुझं लक्ष नव्हतं" म्हणून मोकळे होतो. त्याच्यासमोर काय ठेवले होते, कोणी ठेवले होते आणि का, हे प्रश्न मागेच राहतात. हे पुस्तक त्या प्रश्नांसाठी लिहिले आहे.

मराठीत या विषयाची निम्मी वाट भाषेनेच चालून ठेवलेली आहे. आपण लक्ष देतो आणि आपले लक्ष जाते. पहिल्या वाक्यात कर्ता मी आहे. दुसऱ्या वाक्यात लक्षच कर्ता होऊन बसले आहे आणि मी नुसती मागून जाते आहे. तसेच पाहणे आणि दिसणे. मी पाहते, पण मला दिसते. मानसशास्त्राने अवधानाचे जे दोन प्रकार मानले, हेतूने चालणारे आणि बाहेरच्या उद्दीपकाने ओढले जाणारे, त्यांच्यासाठी आपल्याकडे रोजच्या बोलण्यातली क्रियापदे आहेत. शिवाय जे ध्यानी येते ते 'लक्षात येते' आणि जे टिकते ते 'लक्षात राहते', म्हणजे अवधान आणि स्मृती यांचे नातेही त्याच शब्दात आहे.

हा फरक मला पुस्तकातून समजला त्याच्या आधी एका चौकात समजला. मी दुचाकीवरून घरी येत होते. संध्याकाळची वेळ, वेग बेताचा. चौकात उजव्या हाताला नवा प्रकाशमान फलक लागला होता आणि त्यावरचे चित्र नेमके त्या क्षणी बदलले. मान वळवल्याचे मला आठवत नाही. आठवतो तो पुढे सायकलवर असलेला मुलगा, जो मला फार उशिरा दिसला. मी ब्रेक लावला, चाक घसटले, तो पडला. कोपर खरचटण्यावर निभावले. जमलेल्यांपैकी एका गृहस्थांनी विचारले, "बाई, लक्ष कुठं होतं तुमचं?" प्रश्न रास्त होता आणि मी माफीही मागितली. पण त्या रात्री मनात घोळत राहिले ते हे, की मी लक्ष दुसरीकडे दिले नव्हते. ते गेले होते. माझी जबाबदारी त्याने कमी होत नाही. मात्र तो फलक तिथेच राहिला आणि चौकातून जाणाऱ्या प्रत्येकाचे लक्ष तसेच नेत राहिला.

लक्ष असे ओढले जाणे हा डोळ्यातला दोष नाही. डोळ्याची रचनाच तशी आहे. हात लांब करून अंगठा उभा धरला तर अंगठ्याच्या रुंदीएवढ्या जागेतच आपल्याला खरोखर बारीक दिसते. दृष्टिपटलाच्या मध्यभागी एक लहानसा खळगा आहे आणि दृश्याच्या सुमारे २ अंशांपुरतीच तपशिलाची सोय तिथे आहे. बाकीचे सगळे अंधुक, रंगाने फिके, मात्र हालचालीला आणि उजेडाच्या बदलाला तत्पर. म्हणून डोळा एका सेकंदात तीनदा-चारदा उडी मारतो आणि मेंदू त्या तुकड्यांतून एक सलग, स्पष्ट जग उभे करतो. उडी चालू असतानाची धूसरता आपल्याला जाणवतही नाही. पुढची उडी कुठे घ्यायची हे ठरवायचे तर कडेच्या अंधुक दृष्टीने काहीतरी सुचवायला हवे, आणि ती सुचवते ते जे हलते, चमकते, अचानक उगवते ते. गवतात काही हलले आणि ज्याचे लक्ष गेले नाही असा पूर्वज फार काळ टिकला नसता. जाहिरातदारांनी ही यंत्रणा निर्माण केलेली नाही. तिला दिवसभर हाका कशा मारायच्या, एवढे त्यांनी शिकून घेतले आहे.

आपल्या परंपरेत या प्रश्नाचा विचार झालेला नाही असे म्हणणे चूक ठरेल. माझे मन दुसरीकडे होते म्हणून मला दिसले नाही, हा अनुभव बृहदारण्यक उपनिषदात पुरावा म्हणून मांडला आहे आणि त्यावरून माणूस मनानेच पाहतो असा निष्कर्ष काढला आहे. नैयायिकांनी मन अणूएवढे मानले, कारण इंद्रिये अनेक असूनही एका क्षणी ज्ञान एकाच गोष्टीचे होते. मन एका वेळी एकाच इंद्रियाशी जोडले जाते, असे त्यांचे उत्तर. विसाव्या शतकाच्या मध्यात केंब्रिजमध्ये याच प्रश्नावर चाळणीची कल्पना पुढे आली, तिच्याशी याचे नाते ओळखीचे वाटते. पतंजलींनी चित्तविक्षेप नऊ सांगितले: व्याधी, संशय, प्रमाद, आळस वगैरे. ती यादी मी अनेकदा वाचली आहे आणि दर वेळी एक गोष्ट जाणवते. नऊही विक्षेप साधकाच्या आतले आहेत. बाहेर कोणी झगमगता दिवा लावून बसला आहे, ही शक्यता त्या यादीत नाही. तिथे ती असायचे कारणही नव्हते. साधक एकांतात बसणार होता.

द्रोणाचार्यांच्या परीक्षेची गोष्ट तर प्रत्येक मराठी मुलाने ऐकलेली असते, आणि बहुतेक वेळा ओरडा खाताना. ज्याला फक्त पक्ष्याचा डोळा दिसला तो अर्जुन जिंकला; ज्यांना झाड, फांद्या, भाऊ, गुरू दिसले ते हरले. मला ही गोष्ट प्रिय आहे. पण तो पक्षी कारागिराने बनवलेला होता, हलत नव्हता, नेम कुठे धरायचा हे गुरूंनी आधी सांगितले होते, आणि धनुष्य ताणणाऱ्याच्या वाटेत कोणी सायकलवरून येणार नव्हते. रस्त्यावरच्या माणसाला कोणता पक्षी महत्त्वाचा ठरेल हे आधी कोणी सांगत नाही. तिथे झाड, फांद्या आणि भाऊही दिसावे लागतात. एकाग्रतेची आपली नीती या एका गोष्टीवर इतकी बेतलेली आहे की विस्तीर्ण, सावध नजरेचे मोल सांगणारी गोष्ट आपल्याला चटकन आठवतही नाही.

या विषयाच्या आधुनिक शास्त्राची सुरुवात एका नोकरी गेलेल्या माणसापासून सांगण्याची पद्धत आहे आणि ती मला योग्य वाटते. ग्रिनिचच्या वेधशाळेत तारा दुर्बिणीतल्या तारेला कधी ओलांडतो हे घड्याळाचे ठोके ऐकत नोंदवायचे असे. डेव्हिड किनब्रुक नावाच्या साहाय्यकाच्या नोंदी मुख्य ज्योतिर्विद नेव्हिल मॅस्केलिन यांच्यापेक्षा सेकंदाच्या सुमारे आठ दशांशाने मागे पडू लागल्या आणि १७९६ मध्ये त्याला कामावरून काढले. पुढे बेसेल या जर्मन ज्योतिर्विदाने निरनिराळ्या निरीक्षकांची तुलना केली तेव्हा कळले की असा फरक कुशल निरीक्षकांतही असतो. डोळ्याने पाहायचे आणि कानाने मोजायचे, तर दोन्ही एका क्षणी मनापर्यंत पोहोचत नाहीत. किनब्रुक निष्काळजी नव्हता. पाहण्यालाही वेळ लागतो हे त्याच्या काळात कोणाला ठाऊक नव्हते.

त्यानंतर हेल्महोल्ट्झने अंधाऱ्या पेटीत अक्षरे टांगली, नजर एका बिंदूवर रोखली आणि विजेच्या ठिणगीच्या क्षणभर उजेडात ती पाहिली. डोळा हलायला अवधीच नव्हता. तरी आधी मनात धरलेल्या कोपऱ्यातली अक्षरे त्याला वाचता आली. नजर एकीकडे आणि लक्ष दुसरीकडे असू शकते हे त्याने स्वतःवर सिद्ध केले. वुंट यांची लायप्झिगची प्रयोगशाळा १८७९ ची, विल्यम जेम्स यांचा ग्रंथ १८९० चा. दोघांनीही अवधानाला मानसशास्त्राच्या मध्यभागी बसवले. १९१५ मध्ये एडगर रुबिन यांनी, आकृती आणि पार्श्वभूमी यांचा भेद दाखवला: तेच चित्र, पण एकदा फुलपात्र दिसते, एकदा समोरासमोरचे दोन चेहरे. मग वर्तनवाद्यांचा काळ आला आणि मनात काय चालते हे विचारणेच गैर ठरले. तरी १९३५ मध्ये स्ट्रूप यांनी केलेला एक साधा प्रयोग त्या काळातून तगून राहिला. 'लाल' हा शब्द हिरव्या शाईत लिहा आणि शाईचा रंग विचारा. वाचता येणारा माणूस अडखळतो. वाचायचे नाही असे ठरवूनही आपण वाचतो. काही वर्षांपूर्वी चेन्नईत फिरताना मला रस्ते विलक्षण शांत वाटले, पाट्या आपल्याकडच्याइतक्याच असून. मला तमिळ लिपी येत नाही, एवढेच त्याचे कारण.

दुसऱ्या महायुद्धाने विषय पुन्हा उघडला. रडारपाशी बसलेले हवाई दलाचे लोक तासाभराने ठिपके का चुकवतात, हे नॉर्मन मॅकवर्थ यांना शोधायचे होते. त्यांनी एक घड्याळ केले. काटा दर सेकंदाला एक घर पुढे जाई आणि क्वचित दोन घरे. ती दुहेरी उडी टिपायची, दोन तास. पहिल्या अर्ध्या तासातच नजर ढिली पडू लागली. हा १९४८ चा अभ्यास. कॉलिन चेरी यांनी १९५३ मध्ये दोन कानांत दोन संभाषणे सोडून पाहिली, ब्रॉडबेंट यांनी १९५८ मध्ये चाळणीचा सिद्धांत मांडला: अर्थ लागण्याआधीच नको ते गाळले जाते. ट्रीझमन म्हणाल्या की गाळले जात नाही, आवाज बारीक केला जातो. डॉइच पती-पत्नी म्हणाले की अर्थ सगळ्याचाच लागतो, निवड नंतर होते. चाळणी आधी की नंतर, या वादात कितीतरी प्रबंध खर्ची पडले. नवख्या वाचकाला या वादाचे कौतुक वाटणार नाही, आणि मी वर्गातही त्यावर फार वेळ घालवत नसे. रशियात यार्बस यांनी रेपिनचे एक चित्र तेवढ्यात वेगळ्याच प्रकारे उपयोगात आणले. हद्दपारीतून अचानक परतलेला माणूस आणि त्याला पाहून चकित झालेले घर, असे ते चित्र. पाहणाऱ्याला कधी घराची सांपत्तिक स्थिती विचारली, कधी माणसांची वये, आणि डोळ्यांच्या फिरण्याची रेषा काढली. प्रश्न बदलला की रेषा बदलली. डोळा विचारलेल्या प्रश्नामागे जातो, हे इतके नजरेसमोर कोणी आणले नव्हते.

मग विक्षेपाचा प्रश्न नेमका उभा राहिला. प्रश्न जर डोळ्याला चालवतो, तर न विचारलेली वस्तू मध्ये कशी घुसते? नेदरलंडचे यान थेयुवेस यांनी १९९२ मध्ये लोकांना वेगळ्या आकाराची एक आकृती शोधायला सांगितली आणि बाकीच्यांपैकी एकीला वेगळा रंग दिला. रंगाशी काही संबंध नव्हता, हे सर्वांना माहीत होते. तरी उत्तर काही शतांश सेकंदांनी उशिरा आले, आणि नेमाने आले. त्यांचे म्हणणे, जे सर्वांत उठून दिसते ते आधी लक्ष नेतेच. त्याच वर्षी अमेरिकेत फोक, रेमिंग्टन आणि जॉन्स्टन यांनी उलट दाखवले: आपण जे शोधत असतो त्याच्याशी साम्य असलेलीच वस्तू लक्ष खेचते, रंग शोधणाऱ्याला रंग, अचानक उगवणारे शोधणाऱ्याला अचानक उगवणारे. हा वाद तीस वर्षे चालला आहे. अलीकडे दोन्ही बाजूंचे बरेच लोक या मतावर येत आहेत की उठून दिसणारी वस्तू हाक मारते हे खरे, पण ती नेहमी एकाच ठिकाणी, एकाच रूपात येत असेल तर मेंदू ती हाक आधीच दाबायला शिकतो. मला या निष्कर्षाचे व्यावहारिक महत्त्व फार वाटते. भिंतीवर वर्षभर टांगलेले चित्र आपण दाबायला शिकतो. दर काही सेकंदांनी बदलणारा फलक आपल्याला तसे शिकूच देत नाही.

नीली लावी यांनी १९९५ मध्ये मांडलेला भाराचा सिद्धांत वर्गात सांगितला की विद्यार्थी पहिल्यांदा मान हलवत. काम पाहायला कठीण असेल तर विक्षेप कमी होतो. सोपे असेल तर वाढतो. पाहण्याची क्षमता पूर्ण खर्च झाली तर शेजारच्या वस्तूसाठी काही उरत नाही. उरली तर ती आपोआप सांडते आणि शेजारच्या वस्तूवर पडते. स्मरणशक्तीवर भार असेल तेव्हा मात्र उलट होते: आकडे डोक्यात धरून ठेवणाऱ्या माणसाला विक्षेप अधिक बाधतो, कारण नको ते बाजूला ठेवायला लागणारी शक्तीच दुसरीकडे गुंतलेली असते. ओसाड, सरळ महामार्गावर घराचा हिशेब डोक्यात घेऊन चालवणाऱ्याची स्थिती यावरून ओळखावी.

याच्याही पलीकडची गोष्ट म्हणजे डोळ्यांसमोरचे न दिसणे. सायमन्स आणि शाब्री यांचा १९९९ चा प्रयोग बऱ्याच वाचकांनी पाहिला असेल: चेंडूच्या फेकी मोजणाऱ्या जवळपास निम्म्या लोकांना खेळाडूंमधून चालत गेलेला गोरिलाच्या पोशाखातला माणूस दिसला नाही. मला त्याहून अस्वस्थ करतो तो २०१३ चा अभ्यास. फुप्फुसाच्या छायाचित्रांत गाठी शोधणारे २४ अनुभवी क्ष-किरणतज्ज्ञ. शेवटच्या चित्रात सर्वसाधारण गाठीच्या ४८ पट मोठी गोरिलाची आकृती घातलेली. २० जणांना ती दिसली नाही, आणि डोळ्यांचा माग घेणाऱ्या यंत्राने दाखवले की त्यांतल्या बहुतेकांची नजर थेट त्या जागेवर गेली होती. ही माणसे आपले काम उत्तम जाणणारी होती. त्यांनी गाठीला लक्ष दिले, म्हणून गोरिला निसटला.

आणि चिखलाच्या शिंतोड्यांचा प्रयोग. ओ'रीगन, रेन्सिंक आणि क्लार्क यांनी १९९९ मध्ये रस्त्याच्या चित्रावर, गाडीच्या काचेवर उडावेत तसे काही लहान ठिपके क्षणभर उमटवले आणि त्याच क्षणी चित्रात मोठा बदल केला. ठिपक्यांनी बदलाची जागा झाकली नव्हती. तरी लोकांना बदल लवकर सापडत नसे. पुस्तकाच्या विषयाचा गाभा मला या प्रयोगात दिसतो. विक्षेप आपल्यासमोर आडवा येऊन काही लपवतो अशी आपली समजूत असते. तो बाजूला राहूनही लपवतो. बदल झाला हे सांगणारा जो बारीक इशारा कडेच्या दृष्टीकडून येतो, तो इतर इशाऱ्यांच्या गर्दीत हरवतो.

आता हे सारे शहाणपण कुठे उपयोगी पडावे? अमेरिकेत १०० गाड्यांत कॅमेरे बसवून वर्षभर केलेल्या पाहणीचा अहवाल २००६ मध्ये आला. रस्त्यावरून नजर एकूण २ सेकंदांहून अधिक हटली की अपघाताची वा थोडक्यात टळण्याची शक्यता किमान दुप्पट होते, असे त्यात आढळले. ताशी ६० किलोमीटर वेगात २ सेकंद म्हणजे ३३ मीटर. डेव्हिड स्ट्रेयर यांच्या यूटा विद्यापीठातल्या प्रयोगांत फोनवर बोलणारे चालक ज्या गोष्टींकडे प्रत्यक्ष पाहत होते त्याही त्यांना नंतर अनेकदा ओळखता येत नव्हत्या, फोन हातात असो वा नसो. आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयाने १९९७ मध्येच दिल्लीतल्या वाहतुकीला धोकादायक जाहिरातफलक हटवण्याचा आदेश दिला होता. ब्राझीलच्या साओ पावलो शहराने २००७ च्या आरंभापासून रस्त्यांवरचे जाहिरातफलक कायद्यानेच बंद केले. मुंबईत १३ मे २०२४ रोजी घाटकोपरला १२० फूट लांब-रुंद फलक पेट्रोल पंपावर कोसळून १७ जण गेले, तेव्हा पाया, वजन, परवाने यांवर बोलले गेले, आणि ते बोलले जायलाच हवे होते. न कोसळलेले फलक रोज डोळ्यांशी काय करतात, हा प्रश्न त्याच गांभीर्याने विचारला जावा असे मला वाटते.

वर्गाबद्दल लिहिताना मी अधिक जपून लिहिले आहे. ॲना फिशर आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये बालवर्गातल्या २४ मुलांना काही पाठ चित्रे-तक्ते लावलेल्या खोलीत आणि काही पाठ मोकळ्या भिंतींच्या खोलीत शिकवले. सजवलेल्या खोलीत मुलांचा ३८.६ टक्के वेळ कामाबाहेर गेला, मोकळ्या खोलीत २८.४ टक्के, चाचणीतली बरोबर उत्तरे अनुक्रमे ४२ आणि ५५ टक्के. आपल्याकडे कितीतरी शिक्षिकांनी पदरचे पैसे घालून, सुट्टीत थांबून शाळेच्या भिंती रंगवल्या आहेत. त्या भिंतींमुळे मुले शाळेत यायला लागली हेही खरे आहे. २४ मुलांच्या अभ्यासावरून कोणी त्या पुसून टाकू नयेत. फळ्याची भिंत तेवढी मोकळी ठेवावी आणि चित्रे मुलांच्या पाठीमागच्या भिंतीवर न्यावीत, एवढे आज खात्रीने सुचवता येते.

फोनबद्दल खूप बोलले जाते आणि त्यातले बरेच कच्चे आहे. माणसाचे अवधान आठ सेकंदांवर आले असून ते सोनेरी माशाहून कमी आहे, हे विधान मी व्याख्यानांत, वर्तमानपत्रांत, पालकसभेतही ऐकले. त्यामागे संशोधन नाही. माणसाच्या अवधानाला असा एक ठरीव आकडाच नसतो. टेबलावर नुसता पालथा ठेवलेला फोनही विचारशक्ती कमी करतो, असे २०१७ च्या एका अभ्यासात आढळले होते. पुढे इतरांनी तपासले तेव्हा परिणाम सगळीकडे तसा मिळाला नाही. या पुस्तकात जिथे पुरावा पक्का आहे तिथे ठाम लिहिले आहे आणि जिथे नाही तिथे तसे सांगितले आहे. मुलांच्या काळजीने व्याकूळ झालेल्या आईबापांना घाबरवून पुस्तक खपवणे मला जमणार नाही. अवधानन्यूनतेच्या विकारावरही इथे उपचार सापडणार नाहीत. तो डॉक्टरांचा प्रांत आहे. मात्र अशा मुलाला "लक्ष दे" असे शंभरदा सांगण्याआधी त्याच्या टेबलावरून काय काय उचलता येईल, हे पाहायला हे पुस्तक शिकवील अशी आशा आहे.

शब्दांविषयी थोडे. पाठ्यपुस्तकांतला 'अवधान' मी सिद्धांतांच्या चर्चेत ठेवला आहे, इतरत्र 'लक्ष'च लिहिले आहे. लक्ष मोडणाऱ्या वस्तूला 'विक्षेपक' आणि घटनेला 'विक्षेप' म्हटले आहे. शब्द पतंजलींच्या परिसरातला आहे हे जाणूनच तो घेतला. आतून बाहेर आणण्यासाठी घेतला. प्रकरणे कोणत्याही क्रमाने वाचता येतील, पण डोळ्याच्या रचनेवरचे प्रकरण आधी वाचले तर पुढचे सोपे जाईल. जागोजागी घरी करून पाहण्याजोगे प्रयोग दिले आहेत. त्यांना पत्त्यांचा जोड, कागद, रंगीत पेन्सिली आणि एखादा धीराचा मित्र याहून अधिक काही लागत नाही.

पुस्तकाची मांडणी करताना प्रकाशकांशी माझे एका मुद्द्यावर बरेच बोलणे झाले. समासात चौकटी, रंगीत पट्ट्या, मोठ्या अक्षरातली वाक्ये घालावीत, पान भरगच्च दिसते, असा त्यांचा आग्रह होता. त्यांनी माझे ऐकले याबद्दल मी त्यांची मनापासून ऋणी आहे. समास मोकळे आहेत. आकृत्या ज्या परिच्छेदात लागतात त्याच्या मध्ये न येता समोरच्या पानावर एकट्या आहेत.

पहिल्या प्रकरणाआधीच्या पानावर आईच्या ताटाचे छायाचित्र आहे. ताट तेच, तांदूळ आताचे, उजेड डावीकडून. त्यात तीन खडे आहेत, एक काळा आणि दोन पांढरे. त्यांच्या जागा शेवटच्या पानावर दिल्या आहेत.